बर्फातले टपाल : डॉ. होमी जहांगीर भाभा

२०१२ सालच्या ऑगस्ट महिन्यात फ्रान्समधल्या शामोनी गावाजवळच्या बोसाँ हिमनदीवर दोन गिर्यारोहकांना एक भिजलेली टपालाची थैली सापडली. थैलीवर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे नाव होते. थैली दूतावासांतल्या राजनैतिक टपालाची असल्यामुळे बातमी जगभर पसरली. आत काहीतरी गुप्त असणार, असे वाटून अनेकांचे कुतूहल चाळवले. प्रत्यक्षात निघाली काही जुनी वर्तमानपत्रे आणि एअर इंडियाचे एक कॅलेंडर. सगळे १९६६ सालच्या जानेवारीतले. ही थैली ज्यांच्या टेबलावर जायची होती, ते अधिकारी एव्हाना केव्हाच निवृत्त झाले असतील; शेहेचाळीस वर्षे बर्फात पडून तिचे टपाल शेवटी पॅरिसच्या भारतीय दूतावासात पोहोचले.

ज्या विमानातून हे टपाल निघाले होते, त्याच विमानातून डॉ. होमी भाभा निघाले होते.

या अंकासाठी लेख लिहायचा म्हटल्यावर मला भाभा आठवले ते आमच्या कँटीनमधल्या एका वादामुळे. कटिंग चहाच्या पाच ग्लासांवर तासभर चाललेल्या त्या वादात एकाने ठामपणे सांगितले की भाभांचे विमान परक्या देशाच्या हेरखात्याने पाडले. उरलेल्या चौघांनी मान डोलावली, आणि खरे सांगायचे तर त्या चौघांत मीही होतो. आपल्याकडे मोठा माणूस अवचित गेला की त्याला कोणीतरी मारले असल्याखेरीज आपले समाधान होत नाही. नंतर थोडे वाचले, चौकशीचा निष्कर्ष पाहिला, आणि आपण मान फार लवकर डोलावली असे वाटू लागले. शिवाय असेही लक्षात आले की ते कसे मेले यावर तासभर बोलणाऱ्या आम्हा पाचजणांपैकी एकालाही ते जगले कसे, हे धड सांगता आले नसते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर, आई मेहेरबाई दिनशा पेटिटांच्या घराण्याशी नाते सांगणारी, आणि आत्या सर दोराबजी टाटांची पत्नी. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी होते. गिरगाव चौपाटीवर उभे राहून डोंगराकडे पाहिले म्हणजे जी मुंबई दिसते, त्या मुंबईतले हे घर. मलबार हिलपासून आमच्या गिरगावच्या चाळी चालत वीस मिनिटांवर. पण त्या काळी दोन्हींमध्ये समुद्र असावा इतके अंतर होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घरात पुस्तके, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, जेवणाच्या टेबलावर पोलाद आणि विजेच्या कारखान्यांच्या गप्पा, चित्रकला शिकवायला जहांगीर लालकाकांसारखे चित्रकार, हे सगळे ज्याला मिळाले त्याने त्याचे काय केले, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. असे पुष्कळांना मिळते, आणि पुष्कळजण त्याचे काहीच करीत नाहीत.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. जायचे होते यंत्रशास्त्र शिकायला. वडिलांचा आणि दोराबजींचा बेत असा की मुलाने इंजिनिअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम पाहावे. केंब्रिजमध्ये त्या दिवसांत डिरॅक होते, रुदरफोर्ड होते. पदार्थविज्ञानाचा पायाच उचकटून नव्याने घातला जात होता. तिथे बसून पुलाच्या तुळयांची गणिते करणे या मुलाला जड जाऊ लागले. त्याने वडिलांना लिहिले की धंदा किंवा कारखाना यांसाठी आपला पिंड नाही, आपल्याला पदार्थविज्ञानच करायचे आहे. वडिलांनी शहाणपणाची तडजोड काढली : आधी यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी राहा. १९३० साली मुलाने पहिला वर्ग मिळवला. आपल्यापैकी ज्यांनी घरच्यांशी भांडून कलाशाखा घेतली त्यांनी हे पत्रप्रकरण जरूर वाचावे. फरक इतकाच की आपल्या वडिलांना दोन्ही शाखांची फी परवडत नाही.

१९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि पुढची चार वर्षे हा त्यांच्या संशोधनाचा ऐन भराचा काळ. इलेक्ट्रॉन आणि त्याचे धनभारित जुळे भावंड पॉझिट्रॉन हे एकमेकांवर आदळले म्हणजे कोणत्या दिशेला किती प्रमाणात फेकले जातात, याचे गणित त्यांनी मांडले. त्या प्रक्रियेला आजही जगभर भाभांचेच नाव आहे. १९३७ मध्ये हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी विश्वकिरणांचा एक कोयडा सोडवला. अंतराळातून येणारा एखादा वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरात शिरतो, हवेतल्या अणूंना धडकतो, त्यातून नवे कण जन्मतात, ते पुन्हा धडकतात, आणि खाली येईपर्यंत एकाची सर होऊन बरसते. पावसाळ्यात पत्र्यावर पहिला टपोरा थेंब पडावा आणि श्वास घेईपर्यंत सगळे छप्पर वाजू लागावे, तसे. ही सर कशी वाढते आणि कुठे ओसरते, हे त्या दोघांनी आकड्यांत बसवले. विश्वकिरण जितके उंच जावे तितके प्रखर. त्यामुळे या विषयाचे लोक नेहमी डोंगरांवर, फुग्यांतून, विमानांतून वर जाण्याच्या खटपटीत असत. भाभांचाही पुढे उंचीशी असा संबंध येतच राहिला.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी घरी आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केले. युद्धाच्या काळात तिथे असलेल्या अमेरिकन लष्करी विमानांतून उपकरणे वर पाठवून मोजमापेही घेतली. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध झाले नसते तर हा माणूस बहुधा केंब्रिजमध्येच राहिला असता, आणि आपल्याला एक नामांकित परदेशस्थ भारतीय शास्त्रज्ञ मिळाला असता, अधिक काही नाही. बंगळूरला मात्र त्यांचे मन हळूहळू बदलले. आपल्या देशात राहून काही उभे करणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्यांची खात्री पटत गेली.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना एक पत्र लिहिले. मूलभूत पदार्थविज्ञानाची एक शाळा भारतात हवी, म्हणजे आणखी वीसेक वर्षांनी अणुशक्तीपासून वीज काढायची वेळ येईल तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, असा त्याचा आशय. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ होता. सर्वसामान्य माणसाने अणुशक्ती हा शब्दही ऐकलेला नव्हता. पत्राला होकार आला. १९४५ मध्ये बंगळूरला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत आली, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात. बंगला भाभांच्या मावशीचा. पुढे १९४९ मध्ये संस्था गेटवेसमोरच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत स्वतःच्या वास्तूत. १५ जानेवारी १९६२ ला पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले.

कलाशाखेच्या वाचकांना कुलाब्याच्या या वास्तूबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. भाभा स्वतः चांगली चित्रे काढीत. इमारतीच्या खर्चातला सुमारे एक टक्का चित्रांवर खर्च करायला त्यांनी नेहरूंची संमती मिळवली आणि मुंबईच्या तरुण चित्रकारांची चित्रे घ्यायला सुरुवात केली. ती अशा काळात, जेव्हा या चित्रकारांना गिऱ्हाईक मिळत नसे. सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेल्या हुसेन यांचे लांबलचक भित्तिचित्र तिथल्या प्रवेशदालनात आहे. गिरगावच्या चाळीत राहून रंगवणारे गायतोंडे यांची चित्रे तिथे आहेत. आज या चित्रांच्या किमती ऐकून छाती दडपते. तेव्हा ती काहीशे किंवा फार तर काही हजार रुपयांना घेतलेली. इमारत बांधताना झाड आडवे आले तर ते तोडायचे नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, असा त्यांचा दंडक होता. बागेतली हिरवळ कुठे वळावी इथपर्यंत ते लक्ष घालीत. सोबतचे लोक कधी कधी वैतागत असतील. पण सरकारी इमारत म्हणजे पिवळा रंग आणि पानाच्या पिचकाऱ्या, हे समीकरण निदान एका ठिकाणी तरी मोडले.

मात्र भाभांविषयी सगळेच गोड लिहिले तर तो लेख होणार नाही, आरती होईल. त्यांच्यावर टीका करणारे लोक साधे नव्हते. कलकत्त्याचे मेघनाद साहा यांचे म्हणणे होते की संशोधन विद्यापीठांत व्हावे, विद्यार्थ्यांच्या सोबत व्हावे. पैसा आणि माणसे वेगळ्या संस्थांत ओढून नेली तर विद्यापीठे कोरडी पडतील. आपण विद्यापीठाच्या छत्राखालच्या एका महाविद्यालयात बसून हे वाचतो आहोत, तेव्हा साहांचे म्हणणे किती खरे ठरले याचा विचार ज्याने त्याने करावा. माझे मत विचाराल तर या बाबतीत साहा अधिक बरोबर होते.

दुसरे टीकाकार आपल्या अधिक जवळचे, डॉ. दा. ध. कोसंबी. भाभांनीच त्यांना १९४६ च्या सुमारास संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने येत-जात. गणिती, संस्कृतचे जाणकार, नाण्यांचे अभ्यासक, इतिहासकार, आणि जिभेला धार. अणुशक्तीवर एवढा पैसा कशाला, आपल्या देशात ऊन भरपूर आहे, सूर्याची शक्ती वापरा, असे ते उघडपणे मांडीत. आणि तेही अणुशक्ती आयोगाच्या अध्यक्षाच्याच संस्थेत पगार घेत असताना. १९६२ मध्ये त्यांच्या नोकरीचा करार पुढे वाढवला गेला नाही. सौरशक्तीचे नाव आज ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे, तेव्हा ते घेणारा माणूस संस्थेबाहेर पडला. याचा दोष संपूर्ण भाभांच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही, पण भाभांच्या भोवती विरोधाला फारशी जागा उरली नव्हती असे मात्र दिसते. नेहरू आणि भाभा यांच्यात इतकी जवळीक होती की मध्ये कोणी प्रश्न विचारायला उभाच राहू शकत नसे. १९४८ च्या अणुशक्ती कायद्याने तर पुष्कळशा गोष्टी गुप्ततेच्या पडद्याआड गेल्या.

पण मग तुर्भ्याला काय उभे राहिले तेही पाहायला हवे. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती आयोग स्थापन झाला तेव्हा देशात ना अणुभट्टी होती ना ती बांधणारे हात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, आशियातली पहिली. इंधन ब्रिटनमधून आले. बाकी आराखडा आणि बांधणी इथलीच. १९५७ पासून तुर्भ्याच्या प्रशिक्षण शाळेत दरवर्षी पदवीधरांची तुकडी घेऊन तिला वर्षभर शिकवून कामाला लावण्याची पद्धत पडली. मोठे काम हे, माझ्या मते, भट्टीपेक्षाही. आपल्याकडे वस्तू विकत आणता येते. ती बनवू शकणारी माणसे विकत मिळत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. उपकरणेही शक्यतो इथेच करायची असा त्यांचा आग्रह, आणि त्यातूनच संस्थेत १९५० च्या दशकात एक भारतीय संगणकही बनला.

परळच्या आपल्या वाचकांना माहीत नसेल अशी एक गोष्ट. गिरणगावाच्या मधोमध १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय आणि अणुशक्ती यांचा काय संबंध, असे आधी वाटते. किरणोत्सारी द्रव्ये आणि क्षकिरण यांच्या साह्याने उपचार करायचे तर पदार्थविज्ञानाची माणसे आणि द्रव्ये हाताशी हवीत, हा तो संबंध. आज परळच्या त्या पदपथावर देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक गाठोडी घेऊन बसलेले दिसतात. त्यांतल्या फार थोड्यांना भाभा हे नाव ठाऊक असेल.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांवर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा. पंचेचाळीस वर्षांचा, पारतंत्र्यातून आठ वर्षांपूर्वी सुटलेल्या देशाचा हा माणूस अमेरिका आणि रशियाच्या शास्त्रज्ञांना एका सभागृहात बसवून सभा चालवीत होता. परिषद भरली जिनीव्हाला. पुढे १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने अणुस्फोट केला, आणि त्यानंतर आकाशवाणीवर बोलताना भाभांनी बॉम्बचा खर्च काही देशाला न पेलण्याजोगा नाही असे सुचविले. शांततेचा पुरस्कर्ता आणि बॉम्बची शक्यता हाताशी ठेवणारा, असे दोन्ही भाभा खरे आहेत. एकाला पुढे करून दुसऱ्याला झाकणे मला प्रामाणिक वाटत नाही.

१९६६ साल उजाडले. ११ जानेवारीला ताश्कंदला लालबहादूर शास्त्री गेले. १९ तारखेला काँग्रेस पक्षाने इंदिरा गांधींना नेतेपदी निवडले. २४ तारखेला दिल्लीत शपथविधी ठरला. भाभांना आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीला व्हिएन्नाला जायचे होते. जायची वाट जिनीव्हावरून.

आदल्या रात्री मुंबईहून निघालेले हे विमान एअर इंडियाचे बोइंग ७०७, नाव कांचनजंगा. त्या काळी एअर इंडियाच्या बोइंगना हिमशिखरांची नावे दिलेली असत. मुंबई, दिल्ली, बैरुत, जिनीव्हा, आणि पुढे लंडन नि न्यूयॉर्क असा मार्ग. कंपनीचा आरंभ आठवला म्हणजे या मार्गाचे नवल वाटते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून एका छोट्या पस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात एकही उतारू नव्हता. होते ते टपाल, अवघ्या पंचवीस किलोंचे. म्हणजे आपली विमानवाहतूक सुरू झाली तीच मुळात पत्रांची थैली वाहून नेण्यासाठी. चौतीस वर्षांत त्याच घराण्यातली ही कंपनी, आता सरकारी मालकीची, शंभराहून अधिक उतारू घेऊन आल्प्स ओलांडीत होती, आणि टपालाच्या थैल्या अजूनही पोटात होत्याच.

बैरुतहून निघतानाच विमानातले एक यंत्र बिघडलेले होते. जमिनीवरच्या रेडिओ-केंद्राकडून येणाऱ्या लहरी पकडून आपण त्या केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत हे सांगणारी अशी दोन यंत्रे विमानात असत. दोन केंद्रांकडच्या दोन दिशा एकाच वेळी मिळाल्या की नकाशावर दोन रेघा मारायच्या. त्या जिथे छेदतात तिथे आपण. एकच यंत्र चालू असेल तर काम होते, पण हिशेब जोखमीचा होतो. २४ जानेवारीच्या सकाळी माँ ब्लाँच्या परिसरात ढग होते. शिखराची उंची ४,८०७ मीटर. वैमानिकाने स्वतःच्या अंदाजाने आपण डोंगर ओलांडत आहोत असे जिनीव्हाच्या नियंत्रकाला कळवले. नियंत्रकाला रडारच्या पडद्यावर दिसत होते की विमान अजून डोंगराच्या अलीकडेच आहे. त्याने तसे सांगितलेही. पण ज्या शब्दांत सांगितले ते पुरेसे नेमके नव्हते. माँ ब्लाँ अजून पुढे आहे, हे सांगणाऱ्याच्या मनात होते. ऐकणाऱ्याला ते आपल्या अंदाजाला दुजोरा दिल्यासारखे वाटले. कड मागे पडली आहे आणि उंचीही भरपूर आहे, असे समजून वैमानिकाने विमान खाली उतरवणे चालू ठेवले. स्थानिक घड्याळात सकाळचे आठ वाजून गेले होते. शिखराच्या जेमतेम साठेक मीटर खाली, तूर्नेत नावाच्या खडकाजवळ, विमान डोंगरावर आदळले. ११ कर्मचारी आणि १०६ उतारू, असे ११७ जण गेले. वाचले कोणीच नाही. भाभांचा देह मिळाला नाही. ते छप्पन्न वर्षांचे होते.

त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी शपथ घेतली.

हे जे मी वर लिहिले तो फ्रेंच चौकशीचा १९६७ मधला निष्कर्ष. तो वाचताना मला सर्वात जास्त अस्वस्थ केले ते एका अपुऱ्या वाक्याने. आपण भाषा शिकणारी माणसे. वाक्याचा अन्वय नीट लावला नाही म्हणून प्राध्यापकांनी गुण कापले की आपण कुरकुरतो. इथे दोन माणसे, दोघांचीही मातृभाषा बहुधा वेगळी, रेडिओच्या खरखरीत बोलत होती. एकाला खरे ठाऊक होते, त्याने ते सांगितले, आणि तरीही ते पोहोचले नाही.

आता हेरखात्याची गोष्ट. ती मुख्यतः पुष्कळ वर्षांनी छापल्या गेलेल्या एका कथित संभाषणावर उभी आहे. एका निवृत्त अमेरिकन हेराने फोनवर कबुली दिली असे त्यात म्हटले आहे. बोलणारा हयात नाही, आणि पुरावा म्हणावा असे काही सोबत नाही. गोष्टीला खतपाणी मिळते ते योगायोगांचे : शास्त्रींनंतर तेरा दिवसांत भाभा, बॉम्बविषयीचे बोलणे, आणि तीच जागा. होय, तीच जागा. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचेच मलबार प्रिन्सेस हे विमान अगदी त्याच खडकाजवळ, त्याच जिनीव्हाच्या वाटेवर, वादळात आदळले होते. त्यात ४८ जण होते. बहुतेक उतारू जहाजावर कामाला निघालेले भारतीय खलाशी. त्यांच्या शोधासाठी वर चढणाऱ्या तुकडीतला शामोनीचा एक वाटाड्या, रने पायो, हिमभेगेत पडून मेला. त्या खलाशांना कोणी पाडले, असे कोणी विचारत नाही, कारण ते कोणी नव्हते. खरे तर योगायोग इथे उलटीच साक्ष देतो. जिनीव्हाला पूर्वेकडून उतरायचे तर आल्प्समधला सर्वात उंच डोंगर वाटेत येतो, आणि ढगांत अंदाज चुकला तर विमान तिथेच आदळणार. १९५० मध्येही आणि १९६६ मध्येही. कँटीनमध्ये हे सांगितले तेव्हा कोणाचे फारसे समाधान झाले नाही. कट असला तर निदान कोणीतरी आपल्याला भ्यायले होते असा अभिमान तरी वाटतो. बिघडलेले यंत्र आणि अर्धवट कळलेले वाक्य यांचा अभिमान कसा वाटणार?

भाभांच्या पश्चात आयोगाची सूत्रे विक्रम साराभाईंकडे गेली. टाटा संस्थेचे काम एम. जी. के. मेनन पाहू लागले. तुर्भ्याच्या केंद्राला १९६७ मध्ये भाभांचे नाव दिले गेले. तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. एक माणूस गेल्यावर सगळे ठप्प झाले नाही, याचे श्रेय त्या माणसालाच द्यायला हवे. ज्यांच्या जाण्याने संस्थाच बसतात असे थोर पुरुष आपण पुष्कळ पाहिले आहेत. घराचे मात्र तसे झाले नाही. मलबार हिलवरचा त्यांचा मेहरानगीर बंगला २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना गेला आणि २०१६ मध्ये पाडला गेला. स्मारक करावे अशी मागणी पुष्कळांनी केली होती.

मला स्वतःला अधिक जवळचे वाटणारे स्मारक वेगळे आहे, आणि ते होते आपल्या गिरगावाच्या उशाशी, नाना चौकात. टाटा संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले, ते तिथल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत. पुढे १९९० च्या दशकात ते मानखुर्दला गेले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी महापालिकेच्या शाळांत जाऊन चाळींतल्या आणि झोपडपट्टीतल्या मुलांना विज्ञान का कळत नाही हे शोधीत होते. त्यांना आढळले की पुष्कळदा अडचण विज्ञानाची नसते, पाठ्यपुस्तकातल्या अवघड मराठीची असते. मग त्यांनी तीच माहिती सोप्या, मुलांच्या बोलण्यातल्या मराठीत लिहून पाहिली, आणि मुलांना ती कळू लागली.

बोसाँ हिमनदी अजून खाली सरकते आहे. वर पडलेले दाणा-दाणा करून खालच्या गावाकडे आणते. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला तिथे पाचू, माणके आणि नीलम भरलेली एक पेटी सापडली. त्याने ती पोलिसांत जमा केली. मालक सापडले नाहीत, आणि २०२१ मध्ये ती रत्ने तो गिर्यारोहक आणि शामोनी गाव यांच्यात वाटली गेली. २०१७ मध्ये मानवी अवशेष मिळाले. कोणाचे, हे आता ठरवणे कठीण. २०२० च्या उन्हाळ्यात हिमनदीशेजारी उपाहारगृह चालवणाऱ्या एका माणसाला भारतीय वर्तमानपत्रांची एक चळत सापडली. त्याने ती उन्हात वाळवली. पाने सुटी झाली, अक्षरे वाचता येऊ लागली. पहिल्या पानावर इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी होती.